नावेचा मांडव

जिथं तळी गोठतात त्या मुलखात होडीवाल्या माणसाचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मोठ्या काळजीत जातो. होडी पाण्याबाहेर काढायची, तिच्यावर लाकडाचा नाहीतर पाइपाचा सांगाडा उभा करायचा, मधोमध आढं टाकून दोन्हीकडे उतार द्यायचा आणि वरून कापड ताणून बांधायचं. उतार कमी पडला की बर्फ साचतो. बर्फाच्या ओझ्यानं कापड बसतं, कापडाबरोबर सांगाडा बसतो, आणि मार्चमध्ये मालक खाली बसतो. अमेरिकेत आणि कॅनडात आढं किती उंच असावं यावर भली भली माणसं हमरीतुमरीवर येतात म्हणे. आपल्या कोकणात हेच काम उलट्या हंगामात होतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून त्याआधी होड्या ओढून वर घ्यायच्या आणि माडाच्या झापांनी शाकारून टाकायच्या. झाप विणणारे हात घरचे, माड दारचा. वादाला फारशी जागा नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत बर्फही नाही आणि समुद्रही नाही. तरी नाव झाकायचा प्रश्न इथं पडतो, आणि एकदा पडला की गावाला अख्खा हिवाळा पुरतो.

पाण्याला आमच्याकडे कमी नाही. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत जाते, पलीकडून इंद्रावती येते, भामरागडला तर तीन नद्या एकाच ठिकाणी भेटतात. शिवाय मालगुजारीच्या काळचे मामा तलाव गावोगाव आहेतच. या सगळ्या पाण्यावर डोंगे आणि नावा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या, पण त्यांच्या अंगावर कोणी कापड घातल्याचं ऐकिवात नाही. लाकडी नावेचा वैरी म्हणजे ऊन. फळ्या सुकल्या की सांधे उघडतात. म्हणून काम नसलं की नाव पाण्यातच ठेवायची, आणि अगदीच बरेच दिवस काम नसलं तर दगड भरून सरळ बुडवायची. लाकूड ओलं राहतं, फुगलेलं राहतं, सांधे मिटलेले राहतात. झाकायचा खर्च नाही, राखणदार नाही. बुडालेली नाव चोरायला कोण येतो?

अडचण सुरू झाली ती फायबरच्या नावेपासून.

2020च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला तो नदीकाठचं कोणी विसरलेलं नाही. पाऊस वर मध्य प्रदेशात पडला, गोसेखुर्दच्या 33 दरवाजांतून पाणी सुटलं आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडची गावं पाण्यात गेली. माझी सासुरवाडी त्याच काठावरची. गावाचं नाव सांगत नाही. छापलं तर पुढच्या दिवाळीला मला पाट मांडला जाणार नाही. तर त्या पुरानंतर गावाला एक बचाव नौका मिळाली. पूर ओसरल्यावर मिळाली हे सांगायला नकोच. भर हिवाळ्यात, नदीत गुडघाभर पाणी असताना, ती ट्रकमधून आली आणि ग्रामपंचायतीच्या आवारात झेंड्याच्या खांबाशेजारी दोन लाकडी ओंडक्यांवर विराजमान झाली. रंग नारिंगी, दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत योजनेचं नाव. मोटार तालुक्याला, ती लागेल तेव्हा येणार. सोबत आलेली बचाव जाकिटं ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली शिपायाच्या घरी.

ज्या नावेचं काम वर्षातून जास्तीत जास्त चार दिवसांचं, तिनं उरलेले तीनशे एकसष्ट दिवस कुठं आणि कसे काढायचे, याचा विचार ती पाठवणाऱ्यानं केलेला नव्हता. गावानं मात्र लगेच केला. पहिल्या आठवड्यात तीत पोरं खेळली. दुसऱ्या आठवड्यात शेळ्या चढल्या. मग एका कोंबडीनं पुढच्या टोकाखाली अंडी घातली, आणि ती अंडी नेमकी कोणाची यावरून दोन घरं बोलेनाशी झाली. त्यात माझा साळा ग्रामपंचायतीचा सदस्य. कुठल्या तरी प्रशिक्षणात त्यानं ऐकून ठेवलं होतं की फायबरला ऊन बाधतं, वरचा चकचकीत थर उडतो, हात लावला की पांढरी भुकटी येते. आणि आमचं ऊन म्हणजे मे महिन्यात 46-47चं. ‘नाव झाकाच लागते,’ असा ठराव झाला. सूचक साळा, अनुमोदक कोंबडीवाल्यांपैकी एक.

ढिवर मोहल्ल्यातले एक बाबाजी सभेला आले होते. वय ऐंशीच्या घरात, सगळं आयुष्य डोंग्यावर गेलेलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, “तरयात बुडवून ठेवा.”

सभा गप्प. ग्रामसेवकांच्या तोंडचं पाणी पळालं. शासकीय मालमत्ता, अनुक्रमांक टाकलेली, नोंदवहीत चढवलेली, ती हातानं बुडवायची? तपासणीला साहेब आले तर त्यांना तळ्याकाठी उभं करून ‘इथं खाली आहे’ म्हणून बोट दाखवायचं? शिवाय असली नाव बुडतही नाही, तिच्या पोटात फोम असतो, हे साळ्यानं समजावून सांगितलं. बाबाजींनी ते ऐकून घेतलं. जी नाव बुडवता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसलं.

“मंग उलटी करून ठेवा,” ते म्हणाले.

आता खरं सांगायचं तर या विषयातलं हे शेवटचं शहाणपणाचं वाक्य होतं. उलटी नाव म्हणजे स्वतःच स्वतःचं छप्पर. सांगाडा नको, ताडपत्री नको, पाणी साचायचा प्रश्न नाही. पण उलटी केली की दोन्ही बाजूंची योजनेची अक्षरं खाली डोकं वर पाय होणार, आणि दर तीन महिन्यांनी नावेचा फोटो वर पाठवायचा होता. फोटो उलटा धरून पाठवावा, असंही एका उत्साही तरुणानं सुचवलं. पण मग मागचा झेंड्याचा खांब उलटा आला असता, आणि त्यातून भलतंच प्रकरण उभं राहिलं असतं. नाव सुलटीच ठेवायचं ठरलं.

सुलटी नाव म्हणजे सांगाडा आला. सांगाडा म्हणजे बांबू आला. आणि बांबू म्हणजे कायदा आला.

पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, गडचिरोलीकडे बांबूला काय तोटा! तोटा नाहीच. माणवेल आहे, भरीव आणि चिवट. कटांग आहे, जाड, पोकळ आणि काटेरी. 1945 साली निघालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यानं ट्रकामागून ट्रक बांबू गिळला तरी रानातला बांबू संपला नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं खास प्रशिक्षण केंद्र आहे. पण रानात बांबू दिसणं वेगळं आणि तो आपल्या आवारात बिनघोर उभा राहणं वेगळं. वनस्पतिशास्त्र सांगतं, बांबू हे गवत. 1927च्या भारतीय वन कायद्यानं ते झाडांत धरलं. साहेब गेला तरी गवत झाडाच्या हुद्द्यावर कायम. 2006च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपजात घेतलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं तो कायदा अनेक वकिलांपेक्षा बारकाईनं वाचला, 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि तरीही बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना तेव्हा दम न सोडता भांडत राहिलं. अखेर 2011च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती ठेवलं. पुढं 2017 साली जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला. नव्वद वर्षं झाड म्हणून नोकरी केल्यावर तो गवत म्हणून निवृत्त झाला.

आमच्या गावात मात्र ही निवृत्ती अजून कळवलेली नसावी. “बांबू आनाचा कोठून?” या एका प्रश्नावर दोन तास गेले. एकाच्या वाडीत बांबूची रांजी होती, पण त्याला भीती की आज पंचायतीला दिला तर उद्या ‘तोडला कोणाला विचारून?’ म्हणून कोणीतरी यायचं. दुसरा म्हणाला, लोखंडी अँगल टाका, कायमची कटकट मिटेल. अँगलचं दरपत्रक मागवायला तीन दुकानांच्या पावत्या लागतात, हे ग्रामसेवकांनी सांगताच कटकट कायम ठेवायचं ठरलं. शेवटी माझ्या सासऱ्यांनी मार्ग काढला. मामाजी कमी बोलतात. म्हणाले, “आपल्या पोरीच्या लग्नाचे बांबू पडून आहेत ना माळ्यावर.”

पोरीचं लग्न म्हणजे माझं लग्न. त्याला किती वर्षं झाली ते सांगत नाही, पण बांबूंनी सांगितलं. खाली उतरवताना प्रत्येकातून पीठ गळत होतं. भुंग्यानं बांबू आतून खाऊन नुसतं साल ठेवलं होतं. “बांबू पारखून घेतले होते की नाही तेव्हा?” कोणीतरी विचारलं. “तेव्हा सगळंच घाईत पारखलं,” मामाजी म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढचा बांबू उतरवायला लागले.

त्यातले बरे निवडून मांडव उभा राहिला. इथं या प्रकरणाची मेख आहे. आमच्या भागात दहा माणसं गोळा करून बांबू दिले की ती डोळे मिटून एकच वस्तू उभारतात: लग्नाचा मांडव. चार कोपऱ्यांना चार मेढी, वर आडवे बांबू, त्यांच्यावर उभे, सुतळीनं जाळी आवळायची, आणि माथा सपाट. सपाटच हवा, कारण त्यावर जांभळीच्या डहाळ्या पसरायच्या असतात, सावली खाली पडायची असते, आणि आमची लग्नं उन्हाळ्यात होतात. पिढ्यान् पिढ्यांचं हे कसब. त्यात उताराचा विचार कधी शिरलाच नाही. नावेभोवती असा छान चौकोनी मांडव उभा राहिल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारू लागल्या, “नवरदेव कोणत्या गावचा?” एकीनं तर नावेच्या टोकाला हळद-कुंकू लावलं. थट्टेत लावलं की मनापासून, हे तिलाच ठाऊक.

मी पडलो जावई. जावयाचं मत आमच्याकडे आदरानं मागतात आणि आदरानंच बाजूला ठेवतात. मी म्हटलं, माथ्याला उतार द्या, मधोमध आढं घ्या, नाहीतर पाणी साचेल.

“जवाईबापू,” साळा म्हणाला, “हिवाळ्यात पानी येते का?”

हा प्रश्न दरवर्षी डिसेंबरात विचारला जातो आणि दरवर्षी उत्तर वरून येतं.

आता वरचं कापड. ताडपत्री विकत घ्यायला मंजुरी लागते. फ्लेक्स फुकट मिळतो. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा वीस बाय पंधराचा फ्लेक्स चौकातून नुकताच उतरला होता. कापड दणकट, कडांना तयार भोकं, शिवाय गावचा माणूस कापडाच्या बाबतीत पक्ष बघत नाही. वाद झाला तो छापील बाजूवरून. छापील बाजू आत घेतली तर साहेब पालथे पडतात. कार्यकर्त्यांनी ते चालवून घेतलं नसतं. बाहेर घेतली तर साहेब उताणे, आकाशाकडे हसत. शेवटी उताणेच बरे असं ठरलं. शाळेच्या गच्चीवरून ते दिवसभर दिसायचे, आणि गुरुजी म्हणायचे की पोरांचं लक्ष लागत नाही.

जानेवारीत ढग आले. एक रात्र बऱ्यापैकी पाऊस झाला. सकाळी आवारात बघतो तर मांडवाच्या माथ्यावर फ्लेक्सनं मोठं पोट धरलेलं, तेही नेमकं साहेबांच्या उजव्या गालावर. कावळे काठावर बसून पाणी पीत होते. विरोधी गटाची पोरं मोबाइल घेऊन तिथं आमच्याआधी हजर.

लोकांना पाणी मोजायची सवय नसते म्हणून सांगतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी दहा सेंटिमीटर खोल एवढं पोट धरलं तर ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो, म्हणजे बरोबर एक क्विंटल. 2024-25च्या हंगामात सर्वसाधारण धानाला क्विंटलमागे 2,300 रुपये हमीभाव होता. पाण्याला नाही, म्हणून त्याचं वजन कोणी धरत नाही. आणि पोटाची खोड अशी की ते एकदा धरलं की वाढतच जातं. पाणी कापड ओढतं, ओढलेलं कापड खोल होतं, खोल झालं की आजूबाजूचं पाणी तिकडेच धाव घेतं. बर्फाच्या देशातला होडीवाला आढ्यासाठी का भांडतो ते त्या सकाळी आमच्या गावाला कळलं. साळ्यानं खालून काठीनं पोट वर ढकललं. सगळं पाणी एका बाजूला गेलं, मेढीच्या बेचक्यापाशी, भुंग्यानं खाल्लेल्या बांबूवर. बांबू कडाड् करून मोडला आणि एक क्विंटल पाणी साळ्याच्या अंगावर आलं. थंडी त्या दिवशी चांगली होती.

इथवर गोष्ट मांडवाची. पुढची ताडपत्रीची आहे, आणि ती समजायला आमचा हिवाळा समजला पाहिजे.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत माणसाला उसंत नसते. धान कापायचं, बांधायचं, पुंजणं रचायचं, चुरायचं. पुंजण्यावर पाऊस पडला की धान काळं पडतं, म्हणून गावात जी असेल ती ताडपत्री पुंजण्यावर. खरेदी केंद्रावर पोत्यांची थप्पी उघड्यावर असली तर तिथं ताडपत्री. त्याच वेळी भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, आणि त्या कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं ब्लँकेट पांघरून जागेवरून हलत नाहीत. नाटकाच्या मंडपाला बांबू लागतात, कनाती लागतात, ताडपत्री लागते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत गावातला प्रत्येक बांबू आणि प्रत्येक ताडपत्री कोणाच्या तरी कामावर असते. कोणाच्या पुंजण्यावरची ताडपत्री नाटकाला गेली आणि त्याच रात्री ढग आले, यातून जी भांडणं होतात तीच पुढच्या वर्षीच्या नाटकाला विषय पुरवतात, असा माझा समज आहे.

फ्लेक्स फाटल्यावर पंचायतीनं नावेसाठी खरीखुरी ताडपत्री घेतली. निळी, जाड, पितळी कड्यांची. गावातली ती सगळ्यात चांगली ताडपत्री, आणि हेच तिचं नशीब. पहिल्याच आठवड्यात ती एका पुंजण्यावर गेली, ‘फक्त दोन रात्री’ म्हणून. तिथून थेट नाटकाच्या मंडपावर. नाटक तीन अंकी होतं, दुसऱ्या अंकात पाऊस आला. ताडपत्रीखाली बसलेले प्रेक्षक कोरडे राहिले, बाकीचे भिजत बसले. पण नायिकेवरचा आळ अजून दूर व्हायचा होता, त्यामुळे उठलं कोणी नाही.

इकडे आवारात उघडी नाव रात्रभर भरत होती. असल्या नावेच्या मागच्या तळाशी एक भोक असतं, त्याला बूच असतं. जमिनीवर नाव ठेवताना बूच काढून ठेवायचं, म्हणजे पडलेलं पाणी आपोआप निघून जातं. हे बूच एकदा काढून ठेवलेलं होतं. पण शिपाई जबाबदार माणूस. सुटं बूच हरवलं तर आपल्यावर येईल म्हणून त्यानं ते जिथलं तिथं घट्ट बसवून टाकलं होतं.

सकाळी नाव काठोकाठ. ओंडके त्या ओझ्यानं मातीत रुतलेले, नाव एका कुशीवर कललेली, आत पाण्यावर वाळकी पानं आणि एक चप्पल तरंगत असलेली. बचाव नौका ग्रामपंचायतीच्या आवारात, नदीपासून अर्ध्या कोसावर बुडाली होती. ढिवर मोहल्ल्यातल्या बाबाजींना कोणीतरी मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी नावेभोवती एक फेरी मारली, पाण्यात हात घालून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, “आता बराबर ठेवली.”

त्या तिमाहीच्या अहवालात नाव ‘सुस्थितीत’ आहे अशी नोंद आहे. फोटो उजव्या बाजूनं काढला, तिकडून कल दिसत नव्हता.

यानंतर बुरूडकाकांना बोलावलं. खरं तर ते पहिल्याच दिवशी बोलवायला हवे होते, पण सुपं-टोपल्या करणाऱ्या माणसाला नावेतलं काय कळतं, असा पंचायतीचा एकंदर सूर होता. काका आले, नाव पाहिली, मोडका मांडव पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “हे का लगन होतं?” मग त्यांनी हातानं हवेत एक अर्धगोल काढला. जुन्या बैलगाडीवर टप असायचा तसा. मेढी नको, आडवं नको, सुतळीची जाळी नको. ओल्या माणवेलाच्या लांब फाका काढायच्या, एका काठावरून दुसऱ्या काठावर कमानीसारख्या वाकवायच्या, दोन हातांवर एक कमान, आणि सगळ्यांच्या माथ्यावरून एक लांब बांबू नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून टाकायचा. वर ताडपत्री ताणली की सपाट जागा कुठं उरतच नाही. पाण्याला पोट धरायला जागाच द्यायची नाही. दोन्ही टोकांना हातभर मोकळं सोडायचं, वारा आरपार जायला हवा. नाहीतर आत कोंदट होतं, बुरशी धरते, उंदीर घर करतात आणि उंदरामागून जे येतं त्याचं नाव आमच्याकडे सांजवेळी घेत नाहीत.

मी ऐकत होतो. थंड देशातले लोक पाइप वाकवून जे करतात, गुळगुळीत कमानी, माथ्यावर एक दांडी, टोकांना हवा, कापडाला टोचेल अशा जागी चिंध्या गुंडाळलेल्या, ते सगळं काकांनी जागेवरून न हलता सांगितलं. चिंध्यांचंही सांगितलं. “तार आवळसाल तर तिचं टोक खाली मुरडा, नाही तं ताडपत्री फाटते,” आणि तोंडातला खर्रा सावरून पुढं, “तार कायले म्हना, वाकाचीच दोरी घ्या.”

पण बांबू लगेच वापरायचा नाही, ही अट. आधी तो तळ्यात बुडवून ठेवायचा, काही आठवडे. पाण्यात त्याच्यातला गोडवा उतरून जातो आणि मग भुंग्याला त्यात चव राहत नाही. शिवाय भिजलेला बांबू वाकतोही बरा. तोडायचा तोही हिवाळ्यातच आणि अंधाऱ्या पाखात, असं काकांचं म्हणणं. अंधाऱ्या पाखाचं मला माहीत नाही. हिवाळ्यात पिष्ट कमी असतं हे शास्त्रालाही मान्य आहे. तेव्हा वाडीतला माणवेल एकदाचा तोडला, मोळ्या बांधल्या, वर दगड ठेवले आणि तळ्यात बुडवला. त्या काळात कोणी पाहुणा गावात आला असता तर त्याला दिसलं असतं ते असं: नाव कोरड्या आवारात ओंडक्यांवर, आणि तिचा सांगाडा तळ्यात पाण्याखाली. ग्रामसेवकांनी यावर नोंदवहीत काय लिहावं हे मला विचारलं होतं. मी ‘काम प्रगतिपथावर’ सुचवलं. ते त्यांना फार आवडलं.

महाशिवरात्रीच्या आधी सांगाडा पुरा झाला. मी पाहिलेल्या सरकारी कामांत इतकं नेटकं काम दुसरं नाही. कमानी एकसारख्या, फाका तासून गुळगुळीत, गाठी अशा की ओढल्या तर घट्ट आणि सोडायच्या तर एका बोटानं सुटाव्यात. काकांनी आणखी एक हुशारी केली: सांगाडा नावेला न खिळवता सुटा ठेवला, चार माणसांनी उचलला की अख्खा निघतो. पुराच्या रात्री गाठी सोडत बसायला नको. शिपायाला बूच बाहेर काढून झेंड्याच्या खांबाला दोरीनं टांगायला सांगितलं. ताडपत्री पुंजण्यांवरून मोकळी झाली होती. सगळं जमून आलं.

सुटा ठेवायला नको होता.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. वैनगंगेच्या काठी, चामोर्शीजवळ, पंचक्रोशी लोटते. गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका-पोरं निघतात, दिवसा डोक्यावर ऊन आणि रात्री उघड्यावर थंडी. कोणाच्या तरी लक्षात आलं की नावेवरचा टप ट्रॉलीवर बेतल्यासारखा बसतो. बेतलेला नव्हता, पण बसला. निळी ताडपत्री, गोल कमानी, दोन्ही टोकांना हवा. त्या वर्षी जत्रेत आमच्या गावच्या ट्रॉलीकडे लोक वळून वळून बघत होते, असं माझी बायको सांगते. ती आत बसली होती. दोन गावांनी काकांना तिथंच कामं सांगितली.

सांगाडा परत आला तेव्हा त्यात दोन कमानी कमी होत्या. उतरवताना निखळल्या, कोणी उचलून बाजूला ठेवल्या, मग कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. शोध घेता घेता एप्रिल आला, ऊन चढलं, साळ्याचा जीव खालीवर. शेवटी त्या सापडल्या सरपंचबाईंच्या सासूबाईंच्या वाडीत. आजींनी दोन्ही जमिनीत रोवून त्यांच्यावर कारल्याचा वेल चढवला होता. वेल चांगला दाट झालेला, खाली गार सावली, सावलीत तीच ती कोंबडी.

साळ्यानं विषय काढला. शासकीय काम आहे, आपत्ती व्यवस्थापनाचा भाग आहे, वगैरे. आजींनी ऐकून घेतलं.

“बापू,” त्या म्हणाल्या, “पूर कधी येते?”

“जुलै-ऑगस्टात.”

“मंग? कारले जूनपर्यंतच राह्यते.” आणि घरात वळून ओरडल्या, “अगं, बापूसाठी चार कारले तोड.”